धवळ्यातलं नवरीचं नाव

रेवसजवळच्या एका खारपट्टीतल्या गावात केसर ही धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात धवळे गात गात हळदीपासून पाठवणीपर्यंतचे विधी करून घेणं हे तिचं काम. सासूकडून, कृष्णाबाईकडून, ती ते शिकली होती. सगळं तोंडपाठ. मिठागरात मीठ ओढताना गायची तशीच मांडवातही गायची.

एकोणीसशे सव्वीसच्या शिमग्यानंतर तिची एकुलती मुलगी तुळशी पटकीनं गेली. लग्नाला आलेली पोर. केसर रडली नाही. कामावर जायची, भात रांधायची, हाक मारली की ओ द्यायची. वैशाखात शेजारच्या आळीतल्या नीराबाईच्या मुलीचं लग्न निघालं. जवळपास दुसरी धवलारीण नव्हती, म्हणून बोलावणं आलं. केसर गेली.

हळद लावताना नवरीचं नाव घ्यायची जागा आली आणि तिच्या तोंडून 'तुळशी' निघालं. तिला ते कळलंही नाही. ती पुढं गातच राहिली. नीराबाईनं तिचा हात धरला.

"काय बोलतेस गो? मेलेल्या पोरीचं नाव माज्या पोरीला लावतेस?"

लावलेली हळद पुसली, नवी वाटून लावली. लांबून दुसरी धवलारीण आणली. केसर घरी येऊन बसली. लाज वाटायला हवी होती, तीसुद्धा वाटली नाही.

मग कोणी बोलावीना. एकदा कृष्णाबाई म्हणाली, "नाव चुकलीस, ते जाऊ दे. पन तू पोरीकडं बगितलंस का?"

केसरनं आठवून पाहिलं. त्या मुलीचा चेहरा तिला आठवेना. त्याआधीच्या कितीतरी नवऱ्यामुलींचाही आठवेना.

काही वर्षांनी गावातल्याच मोरू नावाच्या एकाच्या बहिणीच्या लग्नात ठरलेली धवलारीण तापानं पडली. मोरू नाइलाजानं केसरकडं आला. केसर आधी नवरीपाशी जाऊन बसली.

"काय आवडतं गो तुला?"

"खाडीत कालवं काढाया," मुलगी खाली बघत म्हणाली.

"आनि भ्या कशाचं वाटतं?"

"सासरी खाडी न्हाय."

हळदीला केसरनं मुलीच्या तोंडाकडं बघत तिचं नाव घेतलं. पुढं जुन्या ओळींना जोडून, खाडी सोडून चाललेल्या पोरीच्या ओळी तिथल्या तिथं रचल्या. एका ओळीला चाल बसली नाही, ती पुन्हा वेगळी करून म्हटली. बायका गायच्या थांबल्या. नवरी हुंदके देऊ लागली. केसरचा हळदीचा हात तसाच चालत होता.

त्यानंतर लांबलांबून बोलावणी येऊ लागली. प्रत्येक मांडवात ती आधी नवरीशी बोलायची, प्रत्येकीला निराळ्या ओळी. गाणं चांगलं झालं की तिला ते कळायचं, पण बरं असं काही वाटायचं नाही. पाठवणी झाली की ती पानावर बसायची, जेवायची आणि बांधावरून घरी जायची.

तेहतीस-चौतीसच्या सुमारास नीराबाईच धाकट्या मुलीच्या लग्नाचं बोलावणं घेऊन आली.

"येशील ना गो?" दारात उभं राहून तिनं विचारलं.

"पोरीला आदी माज्याकडं धाड," केसर म्हणाली.