शेळीच्या कानातली खाच

औषधाच्या गोष्टीत शेळ्या कशाला आणता, असं मला बरेचदा ऐकवलं गेलंय. आणते. आणणारच.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी पीएचडी करत होते. कर्करोगाचं औषध डोळ्याला न दिसणाऱ्या कणांत भरायचं, कणांना चमकणारा रंग द्यायचा, गाठ असलेल्या उंदरांना टोचायचं आणि चमक कुठे दिसते ते पाहायचं. फोटोत उंदराची गाठ झगझगत होती. कण बरोब्बर गाठीत पोचले म्हणत माझ्या मार्गदर्शक सरांनी शोधनिबंध लिहायला घेतला. मीही हरखले. सुट्टीत शिरड शहापूरला, घरी, तो फोटो घेऊन गेले.

गावच्या शेळ्या एकाच कळपात चरायला जात. ओळखू याव्यात म्हणून आम्ही आमच्या शेळ्यांच्या पाठीला गेरू फासायचो. संध्याकाळी लाल पाठीची एक दारात आली, मी बांधून टाकली. आईने बघितलं आणि सोडली.

"ही आपली न्हाई."

"काहून? पाठ लाल हाय की."

"रंगाचं काय घेऊन बसलीस? अंगाला अंग घासलं की लागतो. कान बघावा, बाई."

आमच्या शेळ्यांच्या डाव्या कानाला खाच असे. हिच्या नव्हती.

मी घरात जाऊन तो फोटो पुन्हा काढला. आम्ही रंग कणांत नुसता मुरवला होता, जोडला नव्हता. मग गाठीत चमकतं ते कण, की नुसता सुटलेला रंग?

परत गेल्यावर कण उंदराच्या रक्तद्रवात ठेवले, यंत्रात गरगर फिरवून तळाला बसवले. वरचं पाणी चमकत होतं. रंग सुटला होता.

सर म्हणाले, "हे कुणी विचारणार नाही. शोधनिबंधावर गुमान सही कर. तुमच्यात पीएचडी झालेलं आहे का कुणी?"

त्या 'तुमच्यात'ने माझं डोकंच फिरलं. "सही करणार नाही," मी म्हणाले.

पुढची दोन वर्षं मी रंगाचा रेणू कणाला रासायनिक बंधाने जोडत बसले. किती वेळा फसलं, विचारू नका. शेवटी वरच्या पाण्यात चमक उरली नाही. मग पुन्हा उंदीर. बहुतेक कण यकृतातच अडकले होते. गाठीत जेमतेम एक मिणमिणता ठिपका.

निदान तो जुना झगझगीत फोटो तरी प्रबंधात घाल, असं सर म्हणाले. घातला. खाली लिहिलं, 'सुटलेला रंग'. शेजारी माझा ठिपका लावला.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा वर करून त्या ठिपक्याकडे पाहिलं. "एवढी वर्षं, आणि इतकाच?"

"इतकाच, सर," मी म्हणाले. "पण हा आपला आहे."