दाराजवळची खुर्ची

आमच्या मामांइतका चर्चासत्रांवर जीव टाकणारा, आणि तरीही चर्चासत्रात इतका कमी वेळ बसणारा माणूस उभ्या खान्देशात दुसरा झाला नसेल. जळगावच्या एका महाविद्यालयात त्यांनी जन्मभर भाषाविज्ञान शिकवलं. धुळ्याला काय, जळगावला काय, अभ्यासक जमून निरनिराळ्या भाषांतल्या अर्थाचा आणि व्याकरणाचा कीस पाडणार आहेत असं कानावर आलं की त्यांच्या अंगात वारं शिरायचं. नावनोंदणीचं टेबल मांडून व्हायच्या आत हे दारात उभे. जागा ठरलेली. शेवटची रांग, दाराजवळची खुर्ची, एक पाय चपलेत आणि एक बाहेर, शेजारच्या खुर्चीवर पिशवी. समई पेटेपर्यंत त्यांच्या व्हरांड्यात दोन-तीन चकरा झालेल्या असत, आणि बीजभाषण सुरू झालं की पुन्हा एक. मी धुळ्याला ग्रंथालयात कामाला, बसणं हाच माझा धंदा. मी म्हणायचो, "मामा, बसा ना जरा." मामांचं गाव, म्हणजे माझं आजोळ, नरडाण्याकडचं, जवळच्या माणसाशी आणि भरात आले की ते बहुधा अहिराणीत बोलत. म्हणत, "भाऊ, बशीसन ऐकं का माले झोप येस. तू बस, मी उभा राहीसन तुनाबी वाटानं ऐकस." आणि माझ्याही वाटणीचं ऐकायला ते बाहेर जात.

त्यांचा एक नियम होता आणि तो आठवला की आयोजक कार्यक्रमपत्रिका पुन्हा चाळू लागत. ज्या भाषेवर निबंध, त्या भाषेत घरी भांडणारा एक तरी माणूस सभागृहात हजर हवा. एकदा धुळ्याला तमिळवर निबंध होता. वाचणारे गृहस्थ नागपूरचे, तमिळ पुस्तकातून शिकलेले. मामा उठले. "बठ्ठा लोके आठे शेतस, भाषा कोठे शे?" अध्यक्ष बाहेरगावचे, माणसं सगळी इथे आहेत पण भाषा कुठे आहे, हा अहिराणी प्रश्न त्यांना कळला नाही. त्यांना वाटलं आवाज पोचत नाहीये, म्हणून त्यांनी माइकवर टिचकी मारून पाहिली. तोवर मामा माझ्या स्कूटरवर. बसस्थानकाजवळ इडलीची गाडी लावणाऱ्या अण्णांना, गाडीवर त्यांच्या भावाला उभं करून, ते पाठीमागे बसवून घेऊन आले. अण्णा निबंधाच्या पहिल्याच पानाला झोपले. चहाच्या वेळी मामांनी मोठ्या उत्सुकतेने विचारलं, "कसं वाटलं?" अण्णा म्हणाले, "सर, पंखा एकदम चांगला आहे." मी हसलो तर मामा मलाच रागावले. "त्यांना कळायला हवं असं मी कधी म्हणालो? लग्नात नवरी समोर लागते. मंगलाष्टकं तिला कळतात का?"

मग सगळे त्यांची फिरकी घ्यायला लागले. एका वर्षी संस्कृतवर निबंध होता. एक प्राध्यापक उठून मामांना म्हणाले, "नाना, आज कोणाला आणताय? देवांना?" मामांनी आपली पिशवी उचलून शेजारची खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाले, "एक खुर्ची मोकळी ठेवू. पितरांचंही पान वाढतोच की आपण." आणि खरंच तो निबंध संपेस्तोवर ते व्हरांड्यात गेले नाहीत. खुर्चीवर कोणाला बसू द्यायचं नव्हतं ना.

पण या नियमाचा सर्वात मोठा फटका बसला तो त्यांनाच. मामी फैजपूरची. तिचं बोलणं मामांच्या बोलण्याहून पार निराळं, आणि त्या बोलण्याच्या प्रेमात मामा लग्नाआधीपासून होते की लग्नानंतर पडले, हे त्यांनाही सांगता येत नसे. त्यांच्या आयुष्यभराच्या निबंधाचं नाव होतं 'फैजपूर परिसरातील बोलीत नकार देण्याच्या तऱ्हा'. सगळी उदाहरणं मामीची. कार्यक्रमपत्रिकेत नाव छापून यायचं, मामा व्यासपीठावर जायचे, चष्मा काढायचे, शेवटच्या रांगेतल्या पिशवीकडे पाहायचे आणि म्हणायचे, "भाषा हजर नाही. निबंध मागे घेतो." आयोजकही पुढे शहाणे झाले. चहाच्या आधीची वेळ मामांना देत, म्हणजे चहा लवकर मिळे. कोणी म्हणालं, "नाना, निम्मा हॉल फैजपूर-यावलचा आहे, कोणालाही उभं करा की." मामा म्हणाले, "त्यांनी मला नाही म्हटलेलं नाही."

मामी काही बधत नव्हती. "घरातलं बोलनं चारचौघात काह्याले? तुम्हीच जा. मी नाई येत." हे ऐकून दुसरा नवरा खट्टू झाला असता. मामा चपला घालता घालता मला कोपराने ढोसायचे. "ऐकलंस? ही तऱ्हा नवीन शे!"

गेल्या हिवाळ्यात ते आजारी पडले. दवाखान्यातही खाट दाराजवळची मागून घेतली. मी भेटायला गेलो की एकच चौकशी, पुढचं चर्चासत्र कधी. "मनं वाचानं राही गयं रे भाऊ," म्हणाले. निबंध वाचायचा राहून गेला, याखेरीज कशाचीच तक्रार नव्हती. चर्चासत्राची तारीख ठरली, तेव्हा ते नव्हते.

जळगावच्या त्या चर्चासत्रात त्यांच्या आठवणीसाठी एक सत्र राखून ठेवलं आणि निबंध मी वाचावा असं आयोजकांनी सुचवलं. मी हो म्हणालो, पण मामांच्या अटीवर. मग मामीकडे गेलो. ती अंगणात उडदाचे पापड वाळत घालत होती. माझं सगळं ऐकून घेतलं, एक पापड उलटला आणि म्हणाली, "नाई येत." मी आग्रह केला नाही. घरी आलो, पण मला बसवेना. आयुष्यभर खुर्चीला चिकटून राहिलेला मी, घरातल्या घरात दारापर्यंत जाऊन परत येत होतो. निबंध मागे घ्यायचा, त्यांच्याच शब्दांत, असं ठरवूनच जळगावला गेलो. दाराजवळची खुर्ची मोकळी ठेवली, शेजारच्या खुर्चीवर त्यांची पिशवी.

माझं नाव पुकारलं. मी चष्मा काढला. शेवटच्या रांगेकडे पाहिलं, तर दारात मामी उभी. तिने पिशवी उचलली, त्या खुर्चीवर बसली आणि पिशवी मांडीवर घेतली. दाराजवळची खुर्ची तशीच मोकळी ठेवली. बाहेर गलका होता, म्हणून एक प्राध्यापिका दार लावायला उठल्या. मामी म्हणाली, "राहू द्या उघडं. त्यायले आतबाहेर करा लागते."

मग भरल्या हॉलमधून मला म्हणाली, "वाच रे बाबा. मी आली हाये."

मी वाचू लागलो. पहिलंच उदाहरण होतं, "तुम्हीच जा. मी नाई येत." हॉल हसला. मामीने तोंडाला पदर लावला. ती हसली की काय ते इतक्या लांबून मला दिसलं नाही. मी शेवटच्या पानापर्यंत वाचलं. मधूनमधून नजर उघड्या दाराकडे जायची. बाहेर व्हरांड्यात कपबशा वाजत होत्या, कोणीतरी चपला घासत येरझाऱ्या घालत होतं. मामीही तिकडेच पाहत होती.