साक्ष झाल्यावर जायचं कुठं

शोभाचा फोन आला तेव्हा मी वर्ध्याच्या कोर्टात, दुपारच्या सुट्टीनंतर पुकारा व्हायची वाट बघत व्हरांड्यात उभी होते. "आत्याबाई गेल्या..." एवढंच ती म्हणाली. मी मोबाईल पर्समध्ये ठेवला आणि तशीच उभी राहिले. जिच्यामुळे मी माणसांकडे बघायला शिकले ती बाई गेली होती, आणि आत एका साक्षीदाराला शपथ देणं चाललं होतं. सव्वा महिना झाला त्याला.

आत्याबाई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, नर्मदा. सेलूजवळच्या एका गावात दिली होती. नवरा लवकर गेला, तरी ती सासरीच राहिली. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. तिच्या दिरानं शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, शेजारच्या म्हाताऱ्याला काठीनं मारलं, त्याचा हात मोडला. बघणारी एकटी आत्याबाई. घरच्यांनी महिनाभर तिला पढवलं, की मी स्वयंपाकघरात होते असं सांग. कोर्टात दीर समोरच्या बाकावर बसला होता. आत्याबाईनं पदर सारखा केला आणि जे पाहिलं ते सगळं सांगितलं. त्या दिवसापासून सासरचं दार तिला बंद झालं. वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेला आमच्या घरात ती आली ती कायमची. मी तेव्हा शाळेत होते. अख्ख्या नातेवाइकांत तिचं नाव एकच, खरं बोलणारी बाई. मला तिचा अभिमान वाटायचा, आणि थोडी भीतीही.

पुढे मी नागपूरला वकिलीच्या वर्गात गेले. त्या वर्षी टीव्हीवर एक मालिका जोरात होती. शनिवारी मी घरी यायची तेव्हा शेजारच्या बायका आमच्याकडे बसून तिच्याबद्दलच बोलत असायच्या. त्यातली थोरली सून म्हणजे सगळ्यांची लाडकी. सरळ, मायाळू, कुणापुढे न झुकणारी. सासरा धाकट्या सुनेला जिन्यावरून ढकलतो आणि ही ते पाहते. प्रेक्षकांनीही ते पाहिलेलं. आणि कोर्टात उभी राहून ही चक्क सांगते, की धाकटी स्वतःच पाय घसरून पडली!

बायका चक्रावल्या. कुणी म्हणालं सासऱ्यानं दागिने कबूल केले असतील, कुणी म्हणालं जावेबद्दल आतून जळत असेल, कुणी लेखकालाच वेड्यात काढलं. बरं, मालिकेनंही पुढे कधी कारण सांगितलं नाही. मी नवी नवी कायदा शिकलेली; खोटी साक्ष हा गुन्हा आहे, असली बाई तुरुंगातच पाहिजे, असं मी ठणकावलं. आणि आमच्या घरात खरं बोलणारी बाई बसली आहे म्हणून तिच्याकडे मोठ्या विश्वासानं बघितलं.

आत्याबाई तुरीच्या शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "गुन्हा हाय. मी कुठं नाई म्हणून राह्यली? पन कोर्टातून उठून ते बाई जाईन कुठं? त्याच घरी ना?"

मी म्हटलं, "तू नाही का खरं बोललीस?"

तेव्हा तिनं हातातली शेंग खाली ठेवली. "माह्या त्यात काय मोठेपणा, पोरी? साक्षीच्या आदल्या दिवशी तुहा बाप आलता. मले म्हने, बाई, तुले जे बोलाचं ते बोल, आन् तिथून सीधी घरी ये. म्हनून माह्या तोंडून खरं निंगालं. हिले तसं कोन म्हनलं?"

दहा-बारा वर्षं आम्ही जिला धीट म्हणत होतो, तिनं ते सगळं श्रेय उचलून आपल्या भावाच्या एका वाक्याला देऊन टाकलं होतं... आणि जिला आम्ही खोटारडी म्हणत होतो तिला माफ केलं होतं. बाबा दारात उभे होते. ते बाहेर अंगणात गेले.

पुढच्याच वर्षी मागच्या गल्लीतल्या याच शोभाला समन्स आला. ती घरी ब्लाऊज शिवायची. तिच्या दिरानं जावेला मारलं होतं आणि साक्षीदार ही. माझ्या तोंडी कायद्याची कलमं आली. आत्याबाई मात्र चप्पल घालून तिच्याकडे गेली आणि म्हणाली, "साक्ष झाली का माह्याकडं येजो." शोभा खरं बोलली. शिलाई मशीन रिक्षात घालून ती आली, आणि चार महिने आत्याबाईच्या खोलीत राहिली. आज तिचं स्वतःचं दुकान आहे. तिच्यानंतर आणखी तिघी येऊन गेल्या. आत्याबाईनं कुणालाही खरं बोल म्हणून सांगितल्याचं मला आठवत नाही.

तेरवीनंतर आईनं विचारलं, की आत्याबाईच्या खोलीतली, येणाऱ्या बायांसाठीची दुसरी खाट आता काढून टाकायची का. बाबांनी नको म्हटलं.

परवा समुद्रपूरकडच्या एका बाईचा निरोप आला. तिचा खटला माझ्याकडे नाही; आत्याबाईचं नाव तिला कुणीतरी सांगितलं होतं, पण आत्याबाई गेल्याचं तिला ठाऊक नव्हतं. मंगळवारी तिची साक्ष आहे. सत्तरी ओलांडलेले माझे बाबा आज सकाळी इस्त्रीचा सदरा घालून तिला आणायला एसटी स्टँडवर गेले आहेत. आईनं खाटेवर धुतलेली चादर घातली आहे.