काचेवरचा मारुती

गाडीच्या समोरच्या काचेवर उजेडाच्या खुणा उमटवायच्या, म्हणजे चालवणाऱ्याची नजर रस्त्यावरून हटत नाही, हे माझं पुण्यातलं काम. चाचणीला खरे रस्ते हवेत म्हणून यंत्राचा एक नमुना मी वडिलांच्या जीपला बसवला. निघताना आई म्हणाली, "तुझ्या यंत्राचं ऱ्हाऊ दे. त्यांना दिसतं का न्हाई, तेवढं बघ." डोळे दाखवायला चला म्हटलं की वडील दिवसभर बोलत नसत. जीप चालवणं सुटलं तर ते घरात बसणार, आणि घरात बसलेले वडील आम्हा कोणालाच झेपले नसते.

जालना-वाटूर रस्ता वडिलांना पाठ होता. तिथे आमच्या यंत्राने आधी देवांपुढे हात टेकले. वडील प्रत्येक देवळाकडे मान वळवून एक हात छातीला लावत, आणि नजरेवर पाळत ठेवणारा कॅमेरा लगेच ओरडे.

"नमस्काराला बी पाबंदी का?" वडील म्हणाले.

मी तोडगा काढला. नकाशातलं देऊळ जवळ आलं की काचेवर, अगदी समोर, छोटा भगवा झेंडा उमटू लागला. वडील समोर बघूनच नमस्कार करू लागले. मी स्वतःवर भलताच खूश होतो. एकदा शेळी आडवी आली, तिच्याभोवती लाल चौकट उमटली आणि वडिलांनी वेळेवर ब्रेक दाबला. त्यांना बराबर दिसतं, असं मी आईला सांगून टाकलं.

काही महिन्यांनी पुन्हा त्याच रस्त्याला लागलो. वाटूरच्या अलीकडे मारुतीच्या देवळाचा झेंडा उमटला, वडिलांनी छातीला हात लावला. मी सहज डावीकडे पाहिलं. रस्ता रुंद करताना मारुती पलीकडच्या नव्या ओट्यावर नेला होता. जुन्या जागी खडीचा ढीग होता. आमच्या नकाशाला त्याचा पत्ता नव्हता.

"दादा, देऊळ कुठंय?" मी वडिलांना विचारलं.

"ते काय, लिंबाखाली," त्यांनी हनुवटीने दाखवलं.

लिंबही नव्हता. म्हणजे त्या दिवशी त्यांना शेळी दिसलीच नव्हती, फक्त चौकट दिसली होती.

"गाडी बाजूला घ्या," मी म्हणालो. त्यांनी घेतली. उतरून ते ढिगापर्यंत गेले, त्यांनी खडी हाताने चाचपली. मग परत येऊन त्यांनी माझ्या बाजूचं दार उघडलं.

"सरक तिकडं, चालव तू," ते म्हणाले. "आईला काही बोलू नको. मीच सांगतो."