अण्णांचं लायसँडर

अण्णांनी आयुष्यभर लढाऊ विमानं बांधली, पण खऱ्या विमानात बसायला ते घाबरायचे. एकदाच ते भाच्याच्या लग्नाला विमानानं दिल्लीला गेले. खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून, डोळे मिटून बसले होते. येताना त्यांनी रेल्वेचं तिकीट काढलं. मी म्हटलं, "अण्णा, विमानाची एवढी माहिती असून भीती कसली?"

"माहिती आहे म्हणूनच," ते म्हणाले. "आणि जावईबापू, तिथं माझ्या हातात असतं काय? शेंगदाण्याची पुडी."

अण्णा माझे सासरे. रविवार कारंज्याजवळ एका जिन्याखाली त्यांची कवळ्या बनवायची जागा होती. दातांचे डॉक्टर जबड्याचा साचा पाठवत आणि अण्णा त्यात माणसाचं हसू बसवून परत देत. हा दिवसाचा धंदा. संध्याकाळी इंदिरानगरच्या घरी मागच्या खोलीत दुसरं महायुद्ध चालू व्हायचं. हरिकेन, स्पिटफायर, टायगर मॉथ. बाल्सा नावाचं कापसासारखं हलकं लाकूड असतं. त्याच्या पातळ बरगड्या चिकटवून, वर कापड ताणून, त्यांनी केलेली ही छोटी, उडणारी विमानं हुबेहूब जुन्या फोटोतल्यासारखी दिसायची. फक्त वैमानिक जरा वेगळे. कवळीच्या हिरड्यांचा गुलाबी मसाला उरला की अण्णा त्यातून वैमानिकाचं मुंडकं घडवत आणि वर गव्हाळ रंग देत. माझ्या लग्नानंतरच्या हरिकेनमध्ये बसलेल्याचं नाक थेट माझं होतं. ते विमान सगळ्यांत जास्त वेळा पडलं. अण्णांनी याबद्दल कधी काही बोलून दाखवलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

बांधायचा हंगाम पावसाळा; पण कापड चढवायचं काम मात्र दसऱ्यापर्यंत थांबायचं. इगतपुरीकडून ढग येत राहिले की हवेतल्या ओलीनं वरचं वॉर्निश पांढरं पडतं. टायगर मॉथच्या वेळी मनासारखं कापड मिळेना, तेव्हा त्यांनी सासूबाईंची एक जुनी रेशमी साडी मागून घेतली. विमान तयार झाल्यावर अण्णा पंखावरून हात फिरवत म्हणाले, "काय झळकतंय बघ." सासूबाई भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "मी नेसत होते तेव्हा नाही हो दिसलं झळकताना."

उडवायला आम्ही गिरणाऱ्याच्या बाजूला दत्तूच्या मळ्यावर जायचो. दत्तू टोमॅटो आणि झेंडू पिकवायचा. कवळीवरून त्याची ओळख होऊन (कवळी अर्थात त्याच्या वडिलांची) मळ्याकडेची मुरमाड पट्टी अण्णांना कायमची मिळाली होती. पट्टीच्या एका अंगाला शेजाऱ्याची द्राक्षबाग. द्राक्षाच्या मांडवाच्या तारा या अण्णांच्या दृष्टीनं शत्रूच्या विमानभेदी तोफा होत्या. तिथं पडलेलं विमान काढून आणायचं काम माझ्याकडे असे. हातातल्या यंत्राला कुणी 'रिमोट' म्हटलं की अण्णा तापायचे. "रिमोट टीव्हीचा. हा ट्रान्समीटर."

मला उडवायला शिकवायचा प्रयत्न त्यांनी मनापासून केला. विमान आपल्यापासून लांब जात असतं तोवर मी ठीक असायचो. ते वळून समोरून येऊ लागलं की त्याचं डावं-उजवं माझ्या उलट होई आणि मी ते भलतीकडेच वळवायचो. अण्णा मागून ओरडायचे, "डावं-उजवं विसरा! जो पंख खाली गेला त्याच्याखाली काठी लावा. पडणाऱ्याला आधार द्यायचा, बस." ट्रान्समीटरवरची ती छोटी काठी खचलेल्या पंखाच्या बाजूला सारली की विमान खरोखर सावरतं. हे त्यांनी घरीही लावलं होतं. कुणाची नोकरी गेली, कुणाचं बिनसलं, तर चूक कुणाची याचा निवाडा न करता अण्णा आधी खचलेल्याच्या बाजूला जाऊन बसत. मला माणसांबाबत ते थोडंफार जमलं. विमानाबाबत शेवटी अण्णाच म्हणाले, "जावईबापू, तुम्ही पिशव्या धरा."

त्यांचे दोन नियम मात्र अढळ होते. पहिला, ज्यानं विमान बांधलं त्यानंच त्याचं पहिलं उड्डाण करायचं. दुसरा, उड्डाणाआधी विमानाच्या मागं उभं राहून सगळ्यांसमोर तपासणी करायची. पंखांच्या मागच्या कडेला हलत्या पट्ट्या असतात. काठी उजवीकडे केली की उजवी पट्टी वर, डावी खाली. अण्णा हे मोठ्यानं म्हणत आणि आम्ही 'बरोबर' म्हणायचं. आरतीसारखं.

एका हिवाळ्यात टायगर मॉथची दुरुस्ती करून आम्ही मळ्यावर गेलो आणि अण्णांनी तपासणी न करताच विमान सोडलं. ते उचललं, अण्णांनी काठी उजवीकडे सारली आणि विमान डावीकडे कललं. त्यांनी आणखी उजवीकडे सारली, ते आणखी डावीकडे गेलं आणि थेट द्राक्षाच्या तारांत घुसलं. दुरुस्तीत पट्ट्यांच्या तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. दोन सेकंदांच्या तपासणीत कळलं असतं. रेशमाच्या चिंध्या आणि काड्या मी टोपलीत भरून आणल्या. वारा जोराचा होता, असं मीच काहीतरी बोललो. अण्णा म्हणाले, "वारा नव्हता. मी तपासलं नाही."

का तपासलं नाही, ते माझ्या बायकोनं ओळखलं. अंजू त्यांची एकुलती एक. बँकेत आहे, समोरच्याच्या हाताकडे बघायची तिला सवय. घरी येताना गाडीत ती म्हणाली, "अण्णांचा उजवा हात थरथरतो. काठी हलवली असती तर पट्ट्याही थरथरल्या असत्या. आपल्याला दिसू नये म्हणून त्यांनी तपासणीच केली नाही."

कंपवात आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. गोळ्यांनी काही तास बरे जात. कवळ्यांचं काम अण्णांनी त्याच महिन्यात बंद केलं, पण मागच्या खोलीतलं नाही. अंजूच्या मावसभावानं परदेशातून विमानाच्या सुट्या भागांचा एक खोका आणला होता. लायसँडर. दुसऱ्या महायुद्धात आपल्या वैमानिकांनी ब्रह्मदेशात उडवलेलं. उंच पंख, लांब पाय, पायांत फुगीर बूट घातल्यासारखी चाकं. लढाऊ विमानापेक्षा टिटवीच्या जवळचं. गोळीचा असर असेल तेवढ्या वेळात अण्णा एखादी बरगडी चिकटवत, मग हात मांडीखाली दाबून बसून राहत. दुसरा पावसाळाही संपला. दसऱ्यानंतर कापड चढलं आणि लायसँडर पुरं झालं.

पुरं झालं तसं अण्णा म्हणाले, "हे बैठकीत छताला टांगू."

टांगायची विमानं ही अण्णांच्या लेखी मेलेली विमानं. अंजू म्हणाली, "टांगायचंच होतं तर झुंबर करायचं ना. उडण्यासाठी एवढं वजन का तोललंत?"

"माझ्या हाताचं काय झालंय ते बघतेस ना?"

"मग मी उडवते."

"पहिलं उड्डाण बांधणाऱ्याचं."

"बांधणाऱ्याचाच हात असेल. मी नुसती मागं."

तिचं म्हणणं असं होतं: नवशिक्यांना शिकवताना दोन ट्रान्समीटर एका वायरनं जोडतात. गुरूनं आपल्या ट्रान्समीटरवरचं बटण दाबून धरलं तोवर विमान शिष्याच्या ताब्यात. बोट उचललं की गुरूच्या. अंजूला लहानपणी अण्णांनी असंच शिकवलं होतं. आणि गेले काही महिने रविवारी सकाळी 'योगाला' म्हणून बाहेर पडणारी माझी बायको दत्तूच्या मळ्यावर जुनं शिकाऊ विमान उडवत होती, हे मला तेव्हाच कळलं. तिचं वजन कमी होत नाही म्हणून मी योगालाच दोष देत होतो.

म्हणजे आता गुरू अंजू आणि शिष्य अण्णा. शिष्याची वायर त्यांना लागणार होती. बऱ्याच दिवसांनी एका सकाळी त्यांनी गोळीच्या वेळेवरून निघायची वेळ काढली आणि अंजूला म्हणाले, "मी म्हटल्याशिवाय घ्यायचं नाही. पडलं तरी."

"पडलं तरी नाही," अंजू म्हणाली.

मळ्यावर दत्तू होता. त्याच्या वडिलांसाठी खुर्ची टाकलेली होती. अण्णा लायसँडरच्या मागं उभे राहिले. मला वाटलं, आजही तपासणी टाळतील. त्यांनी काठी उजवीकडे केली. उजवी पट्टी वर गेली आणि तिथं थडथड थडथड हलत राहिली. कुणी 'बरोबर' म्हणालं नाही. दत्तू वाकून म्हणाला, "अण्णा, हे लय थरथरतंय. तार-बिर ढिली नाय ना?"

"तार ठीक आहे," अण्णा म्हणाले. "माझा हात आहे तो."

दत्तू मागं सरला. त्याचे वडील खुर्चीतून म्हणाले, "बराबर हाय." मग आम्हीही म्हणालो.

लायसँडर पट्टीवरून पळालं, शेपूट उचललं आणि जमिनीवरून सुटलं. मी विमानं पडताना पुष्कळ पाहिली आहेत. असं उडताना एकही पाहिलं नाही. झेंडूच्या वाफ्यांवरून ते वळलं आणि त्याचे पंख सारखे कापत होते. अण्णांच्या हातातलं सगळं तिकडे आभाळात, सगळ्यांना दिसेल असं. अंजूनं बटण दाबून धरलं होतं. बोटाचं नख पांढरं पडलं होतं तिचं, पण तिनं बोट उचललं नाही. एक फेरी झाली. दुसरी द्राक्षबागेच्या कडेकडेनं गेली तेव्हा मी टोपली उचलली सुद्धा. तिसऱ्या फेरीला विमान समोरून उतरायला येऊ लागलं, एक पंख खचला, सावरला, पुन्हा खचला.

"अंजू," अण्णा म्हणाले. "घे."

तिनं बोट उचललं आणि वर पंख एकदम स्थिर झाले. थरथर जागच्या जागी थांबली. ते सगळ्यांनी पाहिलं आणि अण्णांनीही पाहिलं. त्यांचे अंगठे अजून काठ्यांवरच होते, हलत होते, आणि विमान आता त्यांचं ऐकत नव्हतं. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. अंजूनं लायसँडर पट्टीवर अलगद टेकवलं.

विमान थांबलं तसं अण्णा म्हणाले, "इतकं सरळ उडतं होय गं हे? मला कळलंच नसतं."

त्यानंतर त्यांनी ट्रान्समीटर हातात घेतला नाही. दत्तूच्या वडिलांशेजारी दुसरी खुर्ची टाकली जाऊ लागली. उडवणाऱ्याला विमान बघता येत नाही, त्याची पुढची चूक तेवढी बघावी लागते. अण्णा आता मान मागं टाकून नुसतं बघत. आणि अंजू उतरवायला आली की म्हणत, "अजून एक फेरी मार."

"बॅटरी संपत आलीय, अण्णा."

"मार गं."

वर्षभरानं एका सकाळी तिनं ती फेरी मारली. मोटर मधेच बंद पडली, विमान तरंगत टोमॅटोच्या सरीत उतरलं आणि त्याचा डावा पाय मोडला. विमान मोडल्यावर अण्णांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "पायच ना? माझ्याकडे दे."

तो पाय त्यांनी एकट्यानं जोडला. कुणाला हात लावू दिला नाही. सरस लावून, कपड्यांचे चिमटे लावून वाळत ठेवला आणि त्याच आठवड्यात ते गेले. झोपेतच.

तेराव्यानंतर अंजूनं ते चिमटे काढले. जोड पक्का बसला होता, पण पाय जरासा तिरका. मी म्हटलं, उकलून सरळ करून घेऊ, असतात करून देणारे. अंजूनं विमान माझ्या हातातून काढून घेतलं.

अजूनही लायसँडर टेकलं की डावीकडे ओढ घेतं. थेट द्राक्षबागेच्या रोखानं. अंजू काठी उजवीकडे दाबून धरते, ते थांबेपर्यंत.