आर्डिसचा कुत्रा

वर्लिन टॉस्ट्रुडने मिनेसोटातल्या एका लहानशा गावात एकतीस वर्षं टपाल वाटलं, आणि तेवढ्या काळात त्याला सात कुत्रे चावले. त्यामुळे तो निवृत्त झाल्यावर त्याच्या बायकोनं, आर्डिसनं, गस नावाचं काळं लॅब्राडोरचं पिल्लू घरी आणलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला, ‘‘तुझा कुत्रा, तूच बघ.’’

आर्डिसनं बघितलं. गसला शिकवलं, म्हाताऱ्या-आजारी माणसांना सोबत करणारे कुत्रे पाठवणाऱ्या एका संस्थेच्या परीक्षेला बसवलं आणि दर गुरुवारी निळं जाकीट चढवून ती त्याला वृद्धाश्रमात नेऊ लागली. पगार नाही, काही नाही. म्हातारी माणसं त्याच्या पाठीवरून हात फिरवायची, तो त्यांच्या मांडीवर डोकं टेकवून बसायचा.

एका जानेवारीत आर्डिस झोपेतच गेली. त्यानंतर गस रोज सकाळी खुंटीवरच्या जाकिटाखाली जाऊन बसू लागला. महिनाभर वर्लिननं ते पाहिलं आणि मग संस्थेला फोन लावला.

‘‘कुत्रा तयारच आहे,’’ तिथली बाई म्हणाली, ‘‘पण परीक्षा तुमचीही होईल. जोडीनंच पास व्हावं लागतं.’’

पहिल्या खेपेला वर्लिन नापास झाला. शेजारून दुसरा कुत्रा गेला की त्याचा हात आखडायचा, पट्टा ताणला जायचा आणि गस गोंधळून त्याच्याकडे बघायचा.

‘‘दोघांत घाबरतंय कोण, ते कळतंय ना तुम्हाला?’’ बाईनं विचारलं.

‘‘कळतंय,’’ वर्लिन म्हणाला.

मग दोन महिने तो गसला घेऊन आपल्या जुन्या टपालाच्या वाटेनं चालला. जिथं कुत्रा असेल त्या घरासमोरून मुद्दाम, हळूहळू. मे महिन्यात दोघं पास झाले.

पहिल्या गुरुवारी गसनं त्याला थेट टोकाच्या खोलीकडे ओढत नेलं. तिथं एक्क्याण्णव वर्षांची ऑर्फा खिडकीशी बसली होती. तिला दिसत नव्हतं, पण गसच्या गळ्यातल्या बिल्ल्याची किणकिण तिनं ओळखली.

‘‘आर्डिस, किती दिवसांनी आलीस गं.’’

दारातल्या नर्सनं मान खाली घातली. ‘‘त्यांना सांगायचा आम्हाला धीरच झाला नाही,’’ ती पुटपुटली.

वर्लिनला वाटलं, आल्या पावली परत फिरावं. पण गसनं तोवर ऑर्फाच्या मांडीवर डोकं टेकवलंही होतं. वर्लिननं खुर्ची पुढे ओढली.

‘‘मी तिचा नवरा. आर्डिस जानेवारीत गेली.’’

ऑर्फाचा हात गसच्या डोक्यावर थांबला.

‘‘मला वाटलं, माझ्या बडबडीला कंटाळली,’’ ती म्हणाली.

‘‘नाही हो. गुरुवारची ती वाट बघायची.’’

‘‘म्हणजे तू तो पोस्टमन. कुत्र्यांना भिणारा.’’

‘‘सांगितलं वाटतं तिनं?’’

‘‘सगळं सांगायची. हिमवादळात गाडी अडकली, तर कुणाची तरी औषधं घेऊन तू दोन मैल चालत गेलास म्हणे. तिला केवढं कौतुक त्याचं.’’

त्या दिवशी घरी पोचल्यावर वर्लिनला आर्डिसकडून ‘अक्कल गहाण ठेवली होतीस का’ एवढंच ऐकायला मिळालं होतं.

‘‘आणखी काय सांगायची?’’ त्यानं विचारलं.

‘‘बस नीट. घाई आहे का तुला?’’

ऑर्फा त्यानंतर दोन वर्षं जगली, आणि त्या दोन वर्षांत वर्लिनचा एकही गुरुवार चुकला नाही. पुढे गसचे मागचे पाय थकले आणि संस्थेनं त्याला निवृत्त केलं. तो आता शेगडीपाशी झोपून असतो. वर्लिन मात्र कुत्र्याशिवायही आश्रमात जातो; सुरुवातीला त्याला ओशाळं वाटायचं, आता वाटत नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यानं बेवारस कुत्र्यांच्या एका निवाऱ्यातून तपकिरी कुत्री आणली. शिकतेय, पण भित्री आहे. भांडं पडलं तरी टेबलाखाली शिरते. मग वर्लिन गुडघे धरत जमिनीवर बसतो आणि ती आपणहून बाहेर येईपर्यंत तिच्याशी बोलत राहतो.