हात दाखवा, आबाजी

माझी मुलगी लहानपणी जेवायची ती जाहिरातींवर. टीव्हीवर मालिका सुरू असली की ती घरभर पळायची, खाटेखाली शिरायची, मांजराच्या मागे लागायची. जाहिराती लागल्या की असेल तिथून धावत येऊन पडद्यासमोर मांडी घालून बसायची आणि तिचं तोंड आपोआप उघडायचं. तेवढ्या चार मिनिटांत जितके घास जातील तितके माझे. मालिका पुन्हा सुरू झाली की बाईसाहेब उठल्या. बाकीच्या घरांत जाहिरात लागली की माणसं पाणी प्यायला उठतात, आमच्याकडे उलटा कारभार होता.

मी शिक्षिका आहे. चामोर्शी तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. पालकसभेत मी टीव्हीविरुद्ध तावातावाने बोलायची आणि घरी येऊन त्याच टीव्हीसमोर पोरीला भरवायची. लाज वाटायची, पण नवरा नोकरीला सिरोंच्यात, पंधरा दिवसांतून एकदा घरी. दिवसभर दुसऱ्यांची पोरं सांभाळून आलेल्या बाईला आपल्या पोरीच्या पोटात चार घास गेले की तत्त्वाचं फारसं काही वाटत नाही.

पाच वर्षांची झाली तरी तिला मुळाक्षरं धड येत नव्हती, पण किराणा दुकानातली पुडी न पुडी ओळखता यायची. कोणत्या बिस्किटाबरोबर काय फुकट आहे, कोणती पेस्ट लावली की दात चमकतात, सगळं पाठ. माझ्या वर्गातही तीच गत. फळ्यावरचा शब्द वाचताना घाम फुटणारी पोरं रिकाम्या वेष्टनाचा नुसता रंग बघून नाव सांगायची. आमचा दुकानदार हसून म्हणायचा, "मॅडम, आता गिऱ्हाईक हेच. तुम्ही फक्त पिशवी धरा."

मी पिशवी धरायची आणि बहुतेक वेळा हरायची. एका वस्तूवर मात्र मी अडून बसले होते. हात धुवायच्या साबणाची बाटली होती ती, वरून दाबलं की फेस येणारी. घरात साबणाची वडी असताना हे थेर कशाला, असं माझं म्हणणं. त्या साबणाची जाहिरात मी कधी नीट पाहिलीच नव्हती. जाहिरात सुरू असताना मुलीची नजर पडद्यावर असायची आणि माझी तिच्या तोंडावर.

आई गेल्यावर बाबा आमच्याकडे राहायला आले. चंद्रपूरजवळच्या कोळशाच्या खाणीत त्यांनी आयुष्य काढलं. लोडर होते, म्हणजे खाली भुयारात फावड्याने कोळसा भरायचं काम. कोळशाने हात फाटला की भुकटी जखमेत राहते आणि वरून कातडी धरते. बाबांच्या बोटांच्या पेरांवर आणि तळव्यांच्या कडांना अशा निळ्या-काळ्या रेघा होत्या. कितीही घासलं तरी त्या निघायच्या नाहीत, आणि त्या काढाव्यात असं त्यांना कधी वाटलंही नव्हतं.

ते आले आणि भरवायचं काम त्यांनी आपल्याकडे घेतलं. लाखोरीच्या डाळीचं वरण भातावर घालून ते नीट कालवायचे, त्याचे लहान लहान गोळे ताटाच्या कडेला मांडायचे आणि प्रत्येक गोळ्याची काहीतरी हकिगत सांगत तिच्या तोंडात घालायचे. त्यांच्या हातून ती मालिका सुरू असतानाही जेवायची. खरं सांगते, मला थोडा हेवा वाटायचा. पण त्याहून जास्त बरं वाटायचं, कारण आई गेल्यापासून बाबा दिवसभरात तेवढाच वेळ बोलायचे.

एका संध्याकाळी बाबांनी पहिला गोळा उचलला आणि पोरीने तोंड गच्च मिटून घेतलं.

"काय झालं माय? खाय ना."

ती मागे सरकली. "नाई. मले हात नका लावू. तुमचे हात घाण आहेत."

बाबांचा हात तसाच राहिला. त्यांना नीट ऐकू आलं नाही असं समजून तिने मोठ्याने पुन्हा सांगितलं, "दूर व्हा, आबाजी. हात नका लावू."

मी स्वयंपाकघरातून आले आणि तिच्या गालावर एक ठेवून दिली. त्याआधी मी तिला कधी मारलं नव्हतं. ती रडायलाही विसरली. बाबा म्हणाले, "मारू नको तिले." त्यांनी गोळा परत ताटात ठेवला, मोरीत जाऊन बराच वेळ हात धुतले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

ज्यांच्या घरात हे वाक्य कोणी कधी ऐकून घेतलेलं नाही त्यांना वाटेल, लहान लेकरू बोललं, त्यात काय एवढं. बाबा लहानपणी त्यांच्या आईसोबत गावातल्या मोठ्या घरी धान कुटायला जायचे. दुपारी भात मिळायचा तो वरून टाकलेला आणि पाणी ओंजळीत वरून ओतलेलं. धम्मदीक्षा घेतल्यावर माझ्या आजोबांनी आजीचं ते काम बंद केलं. अर्धपोटी राहू पण तिथे जायचं नाही, म्हणाले. बाबांनी मला हे एकदाच सांगितलं होतं, मी कॉलेजात जायला निघाले त्या दिवशी. ते वाक्य माझ्या मुलीच्या कानावरही पडू नये म्हणून दोन पिढ्या खपल्या, आणि आता तेच तिच्या तोंडून आलं होतं, तेही बाबांनाच.

माझा राग पायात असतो. डोकं विचार करायला लागेपर्यंत मी चार पावलं पुढे गेलेली असते. मी तडक शेजारी गेले. शेजारच्या काकूंचा नवरा तलावावर मासे धरायचा आणि काकू टोपलीत घालून गावात विकायच्या. दुपारी बाबांचा डोळा लागला की माझी मुलगी त्यांच्या नातीबरोबर खेळायला तिथेच असायची. शाळेत नाही, घरी नाही, म्हणजे हे शिक्षण इथूनच मिळालं असणार, असा माझा हिशेब.

काकू अंगणात मासे साफ करत होत्या. मी दारातूनच ओरडले, "माझ्या पोरीले शिवाशिव कोण शिकवून राह्यलं इथी?"

काकूंनी विळा खाली ठेवला. "काय झालं मॅडम? बसून सांगा."

मी उभ्यानेच सांगितलं. जे बोलायला नको तेही बोलले. आमच्या हातचं चालत नसेल तर तोंडावर सांगा, लेकरांच्या मनात विष कालवू नका, असं सगळं. माझं संपलं तेव्हा काकू म्हणाल्या, "अवं मॅडम, मलेही म्हणते ना ते. आठ दिस झाले. 'आजी, हात दाखव.' माझ्या हाताले तं मासोळीचा वास. मले तीनदा धुवाले लावते, तवा कुठी माझ्या हातचा मुरमुरा खाते."

"पण हे शिकली कुठी?"

"टीव्हीत. तुमच्याचकडे पाहाते ना."

त्यांनी नातीला हाक मारली. नातीने अंगठा आणि बोट जुळवून डोळ्याला भिंग लावलं, माझ्या हाताकडे वाकून पाहिलं आणि किंचाळली, "हात नका लावू! काळे काळे किटाणू!" मग दोन्ही हातांनी फेस झाल्याचा अभिनय केला आणि नाचली. जाहिरातीत असंच होतं म्हणे. एक मुलगी भिंगातून भेळवाल्याचे हात बघते, त्यावर काळे किडे वळवळताना दिसतात, मुलगी ओरडून मागे पळते आणि मग बाटली येते.

म्हणजे माझी पोरगी आठ दिवस बाबांच्या हातावरच्या त्या रेघा बघत होती आणि तिला किडे दिसत होते. पाच वर्षांचं लेकरू ते. घाबरून गेलं होतं, आणि त्याला मी मारलं होतं. ज्या बाईने माझी पोर फुकट सांभाळली, लेकराच्या म्हणण्याप्रमाणे तीन-तीनदा हात धुतले, तिच्या दारात उभी राहून मी तिला वाट्टेल ते बोलले होते. धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं.

"चुकलं काकू माझं," मी म्हटलं.

"राहू द्या. मी काई मनाले लावलं नाई," त्या म्हणाल्या. मग विळा परत हातात घेत, "पण तुमच्या बाबाची गोष्ट वेगळी आहे. त्यायले जाऊन सांगा आधी."

मी बाबांना सांगितलं. ते हसले. "अस्सं! टीव्हीनं सांगतलं होय," म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. दुसऱ्या दिवशी ते स्वतः जाऊन ती बाटली घेऊन आले. मी जी इतके दिवस घेऊ दिली नव्हती तीच. नात आणि आजोबा मोरीजवळ बसले. तिने त्यांच्या हातावर फेस काढला आणि आपल्या इवल्या बोटांनी एकेक रेघ घासायला घेतली. बराच वेळ घासली.

"हे निघत नाई, आबाजी."

"नाई निघत, माय. ते कोळशाचं आहे. आतमंधी गेलं आहे."

तिने बोटांचं भिंग करून तपासलं. किडे वळवळत नव्हते. "मंग चालते," असा निकाल देऊन ती जेवायला बसली. आम्ही सगळे हसलो. मी काकूंना बोलावलं, त्याही येऊन हसल्या. मला वाटलं, संपलं.

पोरीच्या बाजूने संपलंही. ती जाहिरात गेली, दुसऱ्या आल्या. बाटली रिकामी झाली तेव्हा तिने दुसरी मागितली नाही, कारण तोवर तिला आतून खेळणं निघणारं चॉकलेट हवं होतं. पुढे ती आपल्या हाताने जेवायला लागली. पण संध्याकाळचा पहिला घास आबाजींच्या हातचा, हे राहिलं. आणि घास देण्याआधी बाबा हात धुऊन यायचे आणि दोन्ही तळवे तिच्यापुढे धरायचे, आधी सुलटे, मग उलटे. ती "पास!" म्हणायची. लहान होती तोवर खेळ म्हणून, नंतर नुसतं सवयीने, न बघता. कधी पुस्तकातून मान वर करून, कधी टीव्हीकडे बघत.

मला ते बघवायचं नाही. एकदा मी म्हटलंच, "बाबा, ती केव्हाच विसरली. काऊन दाखवता अजून?"

"तिले आठवत नाई, हे चांगलंच आहे," ते म्हणाले. "मले आठवते ना."

मग स्वतःहून म्हणाले, "खाणीत खाली गेल्यावर सगळेच काळे. डबा उघडला की सगळ्यायचे हात त्यातच. कोणी कोणाचा हात पाहे नाई. म्हणून मले खाण आवडे."

त्या वेळी मला इतका राग आला, आणि या रागाला जायला दारच नव्हतं. शेजारी जाऊन भांडावं असं कोणी नव्हतं. ती जाहिरात बनवणाऱ्या माणसाने बाबांचे हात कुठे पाहिले होते? हात धुवा, एवढंच तर तो सांगत होता. मीही वर्गात रोज तेच सांगते आणि सांगत राहणार, कारण जुलाबाने आठवडाभर घरी बसणारी पोरं मी पाहिली आहेत. त्याने फक्त ते सांगायला एक घाबरलेली पोरगी आणि एका गरीब माणसाचे काळे हात घेतले.

मुलगी सातवीत गेली त्या वर्षी एकदा ती कांदा चिरता चिरता मला म्हणाली, "आई, आबाजी मले हात काऊन दाखवतात?"

बाबांना ऐकू जाणार नाही ना, हे मी आधी पाहिलं. काहीतरी थाप मारावी असं मनात आलं होतं. पण तिने सुरी ठेवून माझ्याकडे पाहिलं, आणि मी सगळं सांगितलं. जाहिरात, भिंग, मी मारलेली चापट, काकूंच्या दारातला तमाशा. वरून टाकलेला भात आणि ओंजळीतलं पाणीही सांगितलं. तेही तिला पहिल्यांदाच कळत होतं.

"मी म्हटलं होतं असं? आबाजीले?"

"पाच वर्षांची होतीस तू."

उरलेला कांदा तिने चिरला. त्या संध्याकाळीही बाबांनी तळवे धरले तेव्हा तिच्या तोंडून "पास" निघालं नाही. तिने खाली मान घालून घास घेतला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी भाजी वाढायला लागले.

दुसऱ्या दिवशी बाबा मागच्या अंगणात वांग्यांच्या आळ्यांतली माती मोकळी करत होते. मी जेवायला हाक मारली तसे ते उठून मोरीकडे निघाले. पोरगी त्यांच्या आधी उठली. तिने वाटेतच त्यांचं मनगट धरलं आणि त्यांना तसंच ताटापाशी आणून बसवलं. मग स्वतः समोर मांडी घालून बसली आणि तोंड उघडलं.

"अवं थांब, माती आहे हाताले. धुऊन येतो."

"असू द्या."

"दिसत नाई का तुले? हे पाहा तरी—"

"नाई पाहत," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. तोंड उघडंच.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं असतं तर ते उठून मोरीवर गेले असते. मी वरणाच्या पातेल्यावरचं झाकण उचललं आणि परत ठेवलं. त्यांनी भात कालवला, गोळा केला, आणि तिच्या तोंडात घातला. खोलीत टीव्ही बंद होता, त्यामुळे तिच्या दाताखाली माती कचकचली ती मला ऐकू आली.

तिने तो घास नीट चावून गिळला. मग डोळे न उघडताच म्हणाली, "आबाजी, आज सगळं जेवण तुमच्याच हातचं."